राक्षसी भोपळ्याचं बी रुजवताना कुंडीत ओल नेमकी किती ठेवायची?

वेलवाट (प्रश्न)

अटलांटिक जायंट जातीच्या सहा बिया १० सेंमीच्या कुंड्यांत लावल्या होत्या. मिश्रण असं: निम्मं कोकोपीट, पाव भाग गांडूळखत, पाव भाग बागेतली माती. बी आधी १४ तास पाण्यात भिजवलं, टोक खाली करून साधारण १ सेंमी खोल लावलं. कुंड्यांखाली हीटिंग मॅट, वर प्लास्टिकचं झाकण, रोज सकाळी स्प्रेने पाणी.

नवव्या दिवशी चित्र असं आहे. दोन बिया नीट वर आल्या, पण त्यातल्या एकीच्या पानांवर टरफल टोपीसारखं अडकून बसलंय. एक कोंब वर आला आणि मातीलगत बारीक होऊन आडवा पडला. तीन वर आल्याच नाहीत. उकरून पाहिलं तर दोन मऊ पडलेल्या, दाबल्यावर आतून पांढरट पाणी येतं आणि आंबूस वास आहे. तिसरी कडक, लावली तशीच.

माझा गोंधळ इथे आहे: मिश्रण वरून कोरडं दिसायचं म्हणून पाणी दिलं, आणि तरीही बी सडलं. उलट कडक राहिलेली बी ज्या कुंडीत होती तिच्या तळाशी मिश्रण चक्क कोरडं निघालं. 'ओलसर ठेवा, ओलंचिंब नको' हे वाक्य सगळीकडे आहे, पण ते हाताने, काट्याने, कशानेही मोजायचं कसं? चार बिया शिल्लक आहेत.

---

वाफसा

तुम्हाला जी अवस्था हवी आहे तिला आपल्याकडे आधीपासून शब्द आहे: वाफसा. पाऊस पडून गेल्यावर जमीन चिकटत नाही, ढेकूळही धरत नाही, हातात भुसभुशीत येते आणि आत गारवा असतो, ती वेळ. मातीच्या बारीक पोकळ्यांत पाणी आणि मोठ्या पोकळ्यांत हवा, असा तो समतोल. कुंडीत तोच वाफसा आधी तयार करून मग बी ठेवायचं. कोरड्या मिश्रणात बी लावून वरून पाणी घालत वाफसा येत नाही. वरचे दोन बोटं चिखल आणि खाली कोरडं, असंच होतं.

हवेवर एवढा भर का, ते आधी सांगतो. बी पाणी शोषतं ते तीन टप्प्यांत. पहिल्या काही तासांत ते स्पंजसारखं फुगतं. हे निव्वळ भौतिक शोषण आहे, मेलेलं बीसुद्धा तेवढं फुगतं. नंतर शोषण जवळजवळ थांबतं आणि आत श्वसन, साठवलेल्या तेलाचं आणि प्रथिनांचं विघटन सुरू होतं. तिसऱ्या टप्प्यात मूळ बाहेर पडतं. मधल्या टप्प्यात बीला पाण्यापेक्षा ऑक्सिजनची गरज जास्त असते, आणि ऑक्सिजन पाण्यातून हवेच्या मानाने सुमारे १०,००० पट मंद सरकतो. टरफलाभोवती पाण्याचा पातळ थर कायम राहिला तरी आतला गर्भ गुदमरतो. भोपळावर्गाच्या बिया या बाबतीत विशेष नाजूक. बियाणं तपासणाऱ्या प्रयोगशाळांतही या वर्गासाठी कागद इतर पिकांपेक्षा कमी ओला ठेवतात. गुदमरलेलं बी साखर आणि इतर द्रव्यं बाहेर गळू देतं, त्यावर पिथियमसारख्या बुरश्या येतात. तुमच्या दोन मऊ बियांचं असंच झालेलं दिसतंय. बुरशी आली ती शेवटी. सुरुवात कोंडीने झाली.

आता तुमचं मिश्रण. बागेतली माती पूर्ण काढा. कुंडीत ती दाबून बसते आणि मोठ्या पोकळ्या बुजवते. गांडूळखतही या टप्प्यावर नको. पाणी धरून ठेवतं, क्षार आणतं, आणि या बीला बाहेरच्या खताची गरजच नसते. दोन-अडीच सेंमी लांबीच्या बियांत पहिल्या पानापर्यंतची शिदोरी भरपूर असते. मी सुचवतो ते प्रमाण मापाने: दोन भाग फुगवलेलं कोकोपीट, एक भाग मध्यम दाण्याचं परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खनिज दाणे). बस.

कृती:

६५० ग्रॅमची कोकोपीटची वीट असेल तर तिच्यावर २.५ लिटर कोमट पाणी थोडंथोडं करून घाला. पुडक्यावर बहुधा जास्त पाणी लिहिलेलं असतं, पण ते वीट पूर्ण फुगवण्यासाठी. बीसाठी तेवढं नको. थंड पाणी घातलं तर मधला गड्डा कोरडाच राहतो. तासभर झाकून ठेवा, मग दोन्ही हातांनी चोळून मोकळं करा, गाठी राहू देऊ नका. वीट धुतलेली नसेल तर आधी भरपूर पाण्यात भिजवून, फडक्यात पिळून, पुन्हा एकदा तसंच करून क्षार काढा. अशा वेळी पाणी जास्तच राहतं, तेव्हा पिळल्यावर वर्तमानपत्रावर पसरून उतरवावं लागतं.

परलाइट आधी किंचित ओलं करून मग मिसळा. कोरडं मिसळलं तर धूळ उडते आणि ते कोकोपीटमधलं पाणी ओढतं.

मग मुठीची परीक्षा. मूठभर मिश्रण घ्या आणि पूर्ण जोर लावून दाबा. बोटांच्या फटीत एखादा-दुसरा थेंब जमा झाला, पण ओघळला नाही, तर ठीक. मूठ उघडा: गोळा टिकला पाहिजे. अंगठ्याने टोचा: दोन-तीन तुकड्यांत फुटला पाहिजे. पाणी मनगटाकडे ओघळलं तर मिश्रण पसरून तासभर वाळवा. गोळा धरतच नसेल तर एका लिटर मिश्रणाला ३० ते ४० मिली पाणी घालून, अर्धा तास थांबून पुन्हा पाहा. अर्धा तास थांबणं टाळू नका. कोकोपीट पाणी सावकाश आत घेतं, लगेच दाबलं की फसवं उत्तर मिळतं.

कुंडी भरताना दाबायचं नाही. भरा, टेबलावर दोनदा आपटा, पुरे.

वरून कोरडं दिसतं याचं कारण सोपं आहे. कोकोपीटचा वरचा अर्धा सेंमी थर उडून फिका तपकिरी पडतो आणि खाली ओल तशीच असते. रंगावर विसंबून पाणी दिलं की रोज थोडंथोडं साठत जातं. बोट दुसऱ्या पेरापर्यंत घालून पाहिल्याशिवाय स्प्रे हातात घेऊ नये.

---

तोळामासा

वाफसा यांनी सांगितलेल्याला मी फक्त वजनकाटा जोडतो, कारण 'कशानेही मोजायचं कसं' याचं खरं उत्तर तेच आहे. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा साधा डिजिटल काटा चालतो.

समजा कुंडी अर्ध्या लिटरची आहे. एक जादा कुंडी त्याच मिश्रणाने भरा. ती पाण्यात उभी करून पूर्ण भिजवा, उचलून तासभर निथळू द्या, वजन घ्या. मग तेच मिश्रण ताटात पसरून पूर्ण वाळवा, रिकाम्या कुंडीसकट पुन्हा वजन घ्या. उदाहरणादाखल: वाळलेलं ६५ ग्रॅम, निथळलेलं ३४५ ग्रॅम. म्हणजे या कुंडीची पाणी धरायची ताकद २८० ग्रॅम. बी रुजेपर्यंत यातलं ५० ते ६५ टक्के पाणी असावं, म्हणजे १४० ते १८२ ग्रॅम. एकूण वजन २०५ ते २४७ ग्रॅमच्या पट्ट्यात. बी लावताना २३५च्या आसपास असू द्या. पट्टा कुंडीवर पेनाने लिहून ठेवा. रोज एकदा वजन करा. २०५च्या खाली जायला लागलं तरच पाणी, आणि तेही २० ग्रॅम, म्हणजे २० मिली, कडेकडेने. तुमचे आकडे वेगळे येतील, पद्धत तीच.

झाकण असेल तर पहिल्या चार-पाच दिवसांत बहुतेक वेळा एक थेंबही पाणी द्यावं लागत नाही. रोजच्या स्प्रेची सवय सोडणं हाच इथला अर्धा उपाय.

मातीत खुपसायचे दोन दांड्यांचे स्वस्त ओलमापक यासाठी घेऊ नका. ते ओल मोजत नाहीत, वीज किती वाहते ते मोजतात. क्षार जास्त असले की काटा पुढे, मिश्रण पोकळ असलं की मागे. कोकोपीट-परलाइटमध्ये त्यांचं बोलणं खरं धरता येत नाही.

आता तळ कोरडा कसा पडला. मॅट खालून तापवते, वाफ वर जाते, झाकणावर जमते आणि तिथून वरच्याच थरात टपकते. दोन-तीन दिवसांत वर ओलं, तळाला कोरडं, अशी उलटी विभागणी होते. त्यात खाली उतरणारी मुळं त्या गरम कोरड्या थरात शिरतात. उपाय दोन. एक: मॅट आणि कुंडी यांच्यात एक-दीड सेंमीचं अंतर ठेवा, जाळी किंवा लाकडी पट्ट्या चालतील. दोन: थर्मोस्टॅट लावा आणि त्याचा सेन्सर हवेत न ठेवता बीच्या खोलीला मिश्रणात खुपसा. २९ ते ३० अंश सेल्सिअस ठेवा. ३५च्या वर नुकसान, २०च्या खाली बी नुसतं पडून राहतं आणि सडतं.

तापमान आणि ओल वेगळी समजू नका. तेवढीच ओल ३० अंशांना चालून जाते आणि १८ अंशांना बी मारते, कारण थंडीत रुजणं लांबतं आणि बुरशीला वेळ मिळतो. उघड्या ओल्या कुंडीचं मिश्रण बाष्पीभवनामुळे खोलीच्या हवेपेक्षा थंड असतं, हे बरेच जण विसरतात. खोलीत २५ दिसतंय म्हणून बीला २५ मिळतंय असं नाही.

---

सोटमूळ

भिजवण्याबद्दल माझं मत जरा कडक आहे. १४ तास फार झाले. जास्तीत जास्त ४ ते ६ तास, पाणी ३० अंशांच्या आसपास कोमट, आणि भांडं उथळ. पेल्याच्या तळाशी बुडालेलं बी ऑक्सिजनविना पडून असतं. थंड पाण्यात भिजवणं तर त्याहून वाईट. कोरडं बी थंड पाणी वेगाने शोषतं तेव्हा पेशींची पटलं नीट जुळायच्या आत फाटतात आणि आतलं द्रव्य बाहेर गळतं.

बीचं वय बघा. राक्षसी भोपळ्याच्या बियांवर ज्या भोपळ्यातून ती काढली त्याचं वजन, वाढवणाऱ्याचं आडनाव आणि साल लिहायची रीत आहे. ते साल इथे कामाचं आहे. चार-पाच वर्षांहून जुन्या बीची पटलं कमकुवत झालेली असतात. ते भिजवूच नका. वाफशाच्या मिश्रणात ठेवून सावकाश पाणी घेऊ द्या. नव्या बीला भिजवणं चालतं, पण गरजेचं तिथेही नाही.

गरजेचं आहे ते घासणं. टरफल जाड असतं, त्यामुळे बारीक पॉलिश पेपरने किंवा नेलफाइलने दोन्ही बाजूंच्या कडा हलक्या घासा. वरचा रंग जाऊन आतला वेगळा थर दिसला की थांबा. टोकाला हात लावू नका. गर्भाचं मूळ अगदी तिथे असतं. घासण्याने टरफलात पाणी शिरायला मदत होते आणि पुढे ते उकलायला सोपं जातं.

---

वेलवाट

खूप उपयोगी. तीन गोष्टी विचारतो. १) टोपी अडकलेल्या रोपाचं आत्ता काय करू? २) बी टोक खाली उभं लावायचं की आडवं? दोन्ही सल्ले वाचलेत. ३) कागदात मोड आणून मग कुंडीत लावलं तर ओलीचा प्रश्नच सुटेल का?

---

दोन_पानं

पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर एकत्रच देते, कारण ते एकाच अवयवाशी जोडलेले आहेत.

भोपळावर्गाच्या रोपात मूळ आणि खोड जिथे जुळतात तिथे खालच्या बाजूला एक छोटी खुंटी तयार होते. मूळ बाहेर पडून खाली वळलं की ही खुंटी टरफलाच्या खालच्या पाकळीत अडकते. वर खोडाचा आकडा, म्हणजे गळासारखा वाकलेला भाग, ताणला जातो, खुंटी टरफल खाली धरून ठेवते, आणि पहिली दोन पानं टरफलातून मोज्यातून पाय काढावा तशी निसटतात. खुंटी कुठल्या बाजूला यायची हे गुरुत्वाकर्षण ठरवतं. बी आडवं असेल तर ती बरोबर खालच्या बाजूला येते. बी टोक खाली करून उभं असेल तर तिला नक्की एक बाजू मिळत नाही आणि पकड सुटण्याची शक्यता वाढते. म्हणून मी आडवं, किंवा टोकाकडे थोडा उतार देऊन लावा म्हणेन. टोक वर तर कधीच नको. मुळाला पूर्ण वळसा घ्यावा लागतो.

खुंटीने टरफल धरून ठेवावं यासाठी आणखी दोन गोष्टी लागतात: वरून मिश्रणाचा भार आणि टरफलाचा मऊपणा. १ सेंमी खोली कमी पडते, बी टरफल घेऊनच वर येतं. २.५ सेंमी ठेवा. आणि वरचा थर शेवटच्या दोन दिवसांत वाळला तर टरफल कडक होऊन पानांना चिकटतं. म्हणजे बीभोवती कमी ओल हवी हे खरं, पण मिश्रण फुगून तडा दिसायला लागला, कोंबाचा आकडा वर येतोय असं कळलं, की त्या दिवशी वरच्या थरावर कोमट पाण्याचा हलका फवारा द्या. अख्ख्या प्रक्रियेत स्प्रेचा उपयोग असेल तर तो या एका दिवशी.

आत्ता अडकलेल्या टोपीसाठी: ओढू नका. टरफलावर कोमट पाण्याचे तीन-चार थेंब सोडा, ओल्या कापसाचा छोटा तुकडा त्यावर ठेवा, रोपावर पारदर्शक पिशवी उलटी घाला, एक ते दोन तास थांबा. मग एका हाताने खोड पानांच्या लगेच खाली आधाराला धरा आणि दुसऱ्या हाताच्या नखांनी टरफलाची कड दाबून उकला. कड उघडली की दोन अर्धुकं वेगळी होतात. आत पातळ हिरवट-करडं पापुद्र्याचं आवरण राहतं, तेही ओलं करून सोडवा; ते राहिलं तर पानं पुन्हा जखडतात. सुटत नसेल तर पुन्हा ओलं करा, घाई नको. पानांचं टोक तुटलं तर रोप जगतं, मधला शेंडा मोडला तर नाही.

---

तोळामासा

तिसऱ्याचं उत्तर: कागदाने प्रश्न सुटत नाही, फक्त डोळ्यांसमोर येतो. तोच त्याचा फायदा.

स्वयंपाकघरातल्या जाड टिश्यूचे दोन पदर घ्या, पूर्ण भिजवा, मग घट्ट पिळा. एवढं की पुन्हा पिळल्यावर थेंब येत नाही. बी त्यात गुंडाळा, झिपच्या पिशवीत हवा ठेवून बंद करा, २९ ते ३० अंशांना ठेवा. दर १२ तासांनी उघडा. उघडताना आतली हवा बदलते, हेच महत्त्वाचं. पिशवीच्या आत पाण्याचे ओघळ दिसले तर कागद बदला. बी बुळबुळीत लागलं तर कोमट पाण्याखाली धुऊन नव्या कागदात घाला. बहुतेक नव्या बिया दोन ते चार दिवसांत टोक उकलतात.

मूळ अर्धा ते एक सेंमी झालं की लगेच कुंडीत. दोन सेंमी झालं की ते कागदाच्या तंतूंत शिरतं आणि काढताना मोडतं. कागद चिकटलाच तर तुकड्यासकट लावा. मूळ खाली, बी आडवं, पेन्सिलीने केलेल्या खाचेत. वरचं मिश्रण २.५ सेंमी, न दाबता.

एक चूक इथे हटकून होते: कागदातून काढलेलं बी कुंडीत ठेवल्यावर 'बसावं' म्हणून वरून पाणी घालतात. मिश्रण वाफशावर असेल तर एक थेंबही घालू नका. नुकतंच फुटलेलं मूळ चिखलात तपकिरी पडायला एक दिवस पुरतो.

साक्षी कुंडी ठेवा. बी नसलेली, पण बाकी सगळं तेच: तेच मिश्रण, तेच वजन, त्याच मॅटवर. बीची कुंडी उकरून बघायचा मोह झाला की साक्षी कुंडीत चमचा घालून तळापर्यंत बघा.

---

निचरा

आडव्या पडलेल्या कोंबाबद्दल कोणी बोललं नाही. मातीलगत खोड दोऱ्यासारखं बारीक आणि पाणचट होऊन कोलमडलं म्हणजे मर. पिथियम किंवा रायझोक्टोनिया. ते रोप वाचणार नाही, मिश्रणासकट टाकून द्या आणि कुंडी ब्लीचच्या पाण्यात (१ भाग ब्लीच, ९ भाग पाणी) दहा मिनिटं बुडवून धुवा. शेजारच्या कुंडीत ते मिश्रण परत वापरू नका.

कारण जवळजवळ नेहमी हेच: उगवल्यावरही झाकण तसंच राहिलं. बी रुजायला लागणारी परिस्थिती आणि रोपाला लागणारी परिस्थिती यांत मोठा फरक आहे, आणि बदल एका दिवसात करावा लागतो. आकडा सरळ झाला, पानं उघडायला लागली, की त्याच दिवशी झाकण काढा, मॅट बंद करा किंवा २२ ते २४ अंशांवर आणा, भरपूर प्रकाश द्या, आणि छोटा पंखा रोपं नुसती डुलतील इतका हळू लावा. उष्ण, ओलं आणि अंधुक या तिन्ही गोष्टी एकत्र राहिल्या की खोड लांबट, पोकळ होतं आणि मग बुरशीला आयतं सापडतं.

यानंतर पाणी द्यायची रीतही बदलते. आता वरचे दोन सेंमी वाळू द्यायचे. पृष्ठभाग सतत ओला राहिला की मातीवर उडणारी बारीक काळी चिलटं येतात, त्यांच्या अळ्या वरच्या थरातच राहतात आणि कोवळी मुळं खातात. वजन पट्ट्याच्या खालच्या टोकाला आलं की कुंडी कोमट पाण्याच्या ताटात १० मिनिटं ठेवा, उचला, पूर्ण निथळू द्या. ताटात पाणी ठेवून विसरू नका.

ताटावरून आठवलं: कुंडीच्या तळाशी खडे किंवा विटांचे तुकडे घालू नका. निचरा वाढतो हा समज चुकीचा आहे. बारीक मिश्रणातलं पाणी मोठ्या पोकळ्यांच्या थरात सहजी उतरत नाही. मिश्रणाच्या तळाशी जो संपृक्त, म्हणजे पाण्याने पूर्ण भरलेला, थर असतो तो खड्यांमुळे तेवढाच उंच वर सरकतो, म्हणजे बीच्या आणखी जवळ येतो. त्या थराची उंची मिश्रणावर ठरते, कुंडीवर नाही. म्हणूनच ६ सेंमी उंच कुंडीत निम्मं मिश्रण चिंब असू शकतं आणि १५ सेंमी कुंडीत तळचा भागच. या बीसाठी १२ ते १५ सेंमी उंच कुंडी घ्या. सोटमूळ फार वेगाने खाली जातं, त्यालाही जागा मिळते.

---

वाफसा

निचरा यांच्या शेवटच्या मुद्द्याला पूर्ण सहमत. एक भर घालतो, लावणीच्या वेळची, कारण कुंडीत सगळं नीट करून रोप तिथे गमावतात.

पहिलं खरं पान उलगडत आलं की रोप जमिनीत गेलं पाहिजे, म्हणजे उगवल्यापासून साधारण ७ ते १० दिवसांत. मूळ तळाला पोचून गोल फिरायला लागलं की पुढे वेलाची ताकद कमी होते. लावणीच्या आदल्या संध्याकाळी कुंडीला पाणी द्या. कोरडा गड्डा काढताना फुटतो, चिंब गड्डा स्वतःच्या वजनाने तुटतो; बारा तास निथळलेला अखंड निघतो.

जमिनीतही वाफसा हवा. आणि हे लक्षात ठेवा: जमिनीची बारीक माती कोकोपीटच्या भरड गड्ड्यातलं पाणी स्वतःकडे ओढते. आजूबाजूची जमीन ओली दिसते आणि गड्डा मधोमध कोरडा होतो. पहिला आठवडा पाणी खोडापासून चार बोटांवर, गड्ड्यावरच द्या, एका वेळी अर्धा लिटर, आणि रोज बोट घालून गड्डा तपासा, शेजारची जमीन नाही. विरघळणाऱ्या पीटच्या कुंडीत रोप वाढवलं असेल तर तिची कड मातीच्या वर राहू देऊ नका; ती वातीसारखी पाणी हवेत सोडते आणि गड्डा वाळतो. कड फाडून काढा, तळही फाडा.

---

वेलवाट

टोपी निघाली. दोनदा ओलं करावं लागलं, पापुद्रा खरंच होता. कडक राहिलेल्या बीचं काय करू? टाकू का?

---

सोटमूळ

टाकू नका, आधी दाबून बघा. दोन बोटांत दोन्ही सपाट बाजू धरून हलकं दाबा. चपटं होऊन आत दबलं तर बी पोकळ आहे, आत गर्भ भरलेलाच नाही; मोठ्या दिसणाऱ्या बियांतही हे होतं. भरीव लागलं तर ते फक्त तहानलेलं आहे. तळ कोरडा निघालेली कुंडी हीच ना? कडा घासलेल्या नव्हत्या, भोवती पाणी पोचलं नाही, म्हणून थांबलंय.

धुऊन घ्या, कडा घासा, पिळलेल्या टिश्यूत ३० अंशांना ठेवा. हे बी पुन्हा पाण्यात बुडवू नका, एकदा १४ तास झालेत. पाच दिवसांत टोक उकललं नाही तर सुरीने कड उघडून आत बघा: पांढराशुभ्र आणि कडक गर असेल तर आणखी तीन दिवस द्या, पिवळट तेलकट असेल तर सोडा. उरलेल्या चार बिया एकाच दिवशी लावू नका. दोन आधी, चार दिवसांनी दोन. पहिल्या दोनांच्या वजनाचे आकडे लिहिलेले असले की दुसऱ्या दोनांना नेमकं किती पाणी द्यायचं ते तुमच्याच वहीत सापडेल.